पती शाब्ली, नुसती शाब्ली, प्रमिये क्र्यू शाब्ली: द्राक्ष एकच, मग भाव तिप्पट का?

कर्वेनगरी | शुक्र, रात्री ११:१२

मंडळी, एक अडाणी प्रश्न आहे. हसायचं तर हसा, पण उत्तर देऊन हसा.

गेल्या महिन्यात बायकोच्या ऑफिसच्या कामाच्या निमित्ताने पॅरिसला चार दिवस काढले. निघायच्या आदल्या संध्याकाळी हॉटेलच्या गल्लीतल्या दुकानातून तीन बाटल्या उचलल्या. (माणशी दोन लिटर चालतात, आम्ही दोघं होतो, तेव्हा हिशेब नियमात आहे. ही शंका कोणीतरी काढणारच म्हणून आधीच सांगितलं.) तिन्ही पांढऱ्या वाइन, तिन्हींवर शाब्ली हेच नाव. एकीवर 'पती शाब्ली', दुसरीवर नुसतं 'शाब्ली', तिसरीवर 'शाब्ली प्रमिये क्र्यू' आणि त्याखाली 'मोंमँ'. तिसरीची किंमत पहिलीच्या जवळजवळ तिप्पट.

दुकानदाराला विचारलं, हिचं द्राक्ष कुठलं? म्हणाला, शार्दोने. बरं, आणि हिचं? शार्दोने. आणि ही महागाची? त्याने पुण्यातल्या दुकानदाराने धडा घ्यावा असा कटाक्ष टाकला आणि म्हणाला, शार्दोनेच.

मग मी पैसे नक्की कशाचे दिले? आपल्याकडे हापूस आणि पायरीचा भाव वेगळा असतो, कारण आंबाच वेगळा. इथे द्राक्ष एक, गाव एक, रंगही जवळपास एकच. नुसत्या बिरुदाला तिप्पट पैसे? बाटल्या अजून उघडलेल्या नाहीत. पुढच्या रविवारी मेव्हणा येतोय, तेव्हा उघडायचा बेत आहे. त्याच्यासमोर चार वाक्यं फेकता येतील इतकं ज्ञान द्या.

---

मेथीचा लाडू | शुक्र, रात्री ११:३१

पती शाब्ली सर्वात स्वस्त हे वाचून सौ. खूष आहेत. पत्नी शाब्ली कितीला मिळते?

---

बिनसाखरेचा | शुक्र, रात्री ११:४८

पैसे बिरुदाचेच दिलेत. वाइनवाल्यांचा हा जुना धंदा आहे. समोरच्याला कळणार नाही अशा भाषेत लेबल छापायचं, म्हणजे तो लाजेने गप्प बसतो. डोळे बांधून तिन्ही प्या, फरक ओळखू आला तर मी शंभर ओळींची माफी टंकेन.

---

ओसेरवाली | शनि, दुपारी १:०५

लाडू, 'पती' म्हणजे फ्रेंचमध्ये छोटं. तुमच्या घरातलं मला माहीत नाही.

कर्वेनगरी, बरोबर जागी विचारलंत. मी गेली नऊ वर्षं ओसेरला राहते, शाब्ली इथून गाडीने वीस-पंचवीस मिनिटं. नवऱ्याच्या मामाचा थोडा मळा आहे, त्यामुळे दर सप्टेंबरला एक-दोन दिवस तरी तोडणीला जुंपलं जातं. पाठ मोडते, ते जाऊ दे.

आधी भूगोल. शाब्ली हे गाव आहे, लोकवस्ती आपल्या एखाद्या तालुक्याच्या बाजारगावाहून कमी. गावातून सरँ नावाची लहानशी नदी जाते. कागदोपत्री हा बर्गंडी या वाइनच्या प्रांताचा भाग, पण बर्गंडीचं नाक असलेल्या बोन गावापासून बराच लांब, उत्तरेला एकटा पडलेला तुकडा. इथून शाम्पेनचा दक्षिणेकडचा पट्टा जास्त जवळ. म्हणून थंडी जास्त, द्राक्ष कसंबसं पिकतं आणि वाइनमध्ये आंबटपणा टिकून राहतो. इथे शार्दोनेला जुने लोक 'बोन्वा' म्हणतात, म्हणजे बोनकडचं. आपल्याकडे नाही का, बाहेरून आलेल्या वाणाला आलेल्या गावाचंच नाव चिकटतं, तसं.

आता तुमचा मूळ प्रश्न. बाटलीवरचा दर्जा द्राक्षाचा नाही आणि कंपनीचाही नाही. तो जमिनीचा आहे. कुठल्या उतारावरच्या वेली, यावर वरून खाली चार पायऱ्या ठरलेल्या आहेत: ग्राँ क्र्यू, प्रमिये क्र्यू, शाब्ली, पती शाब्ली. १९३८ साली शाब्ली आणि ग्राँ क्र्यूला कायद्याने नाव मिळालं, पती शाब्ली १९४४ मध्ये आली. शाब्ली गाव आणि आजूबाजूची मिळून वीसेक गावं यात येतात.

ग्राँ क्र्यू म्हणजे गावासमोर नदीच्या उजव्या काठावर असलेला एकच सलग डोंगरउतार, नैऋत्येकडे तोंड केलेला. सगळा मिळून शंभर हेक्टरच्या आसपास, म्हणजे अडीचशे एकर. झालं. जगात शाब्ली ग्राँ क्र्यू एवढ्याच जमिनीतून येते. त्या उताराचे सात भाग आहेत: ब्लांशो, बूग्रो, ले क्लो, ग्रनुय, प्रझ, वाल्म्यूर, व्होदेझीर. सर्वात मोठा ले क्लो, सर्वात लहान ग्रनुय. ग्रनुय म्हणजे बेडूक. खाली नदी आहे, तेव्हा नाव कसं पडलं असेल ते कळतंच.

प्रमिये क्र्यूत अशी चाळीस नावं आहेत, दोन्ही काठांवर विखुरलेली. तुमची मोंमँ डाव्या काठाची. त्यातही गंमत आहे. चाळीसपैकी सतरा मोठी नावं, बाकीची त्यांच्या पोटातली. मोंमँच्या पोटात 'फोरे' आणि 'ब्यूतो' आहेत. फोरेमध्ये वेली असलेला शेतकरी लेबलवर फोरे लिहू शकतो किंवा नुसतं मोंमँ. जास्त लोक ओळखतात ते नाव लिहितात. आपण नाही का, परगावी कोणी विचारलं की वाडीचं नाव न सांगता तालुक्याचं सांगतो!

---

कर्वेनगरी | शनि, दुपारी १:४०

ओसेरवाली ताई, दंडवत. म्हणजे मी विकत घेतली ती द्राक्षाची जात नाही, सातबारा?

---

ओसेरवाली | शनि, दुपारी १:५२

अगदी! गट नंबरासकट.

---

निफाडचा पारा | शनि, संध्या ७:२०

सातबारा म्हटल्यावर आम्ही आलोच.

माझी निफाड तालुक्यात सात एकर द्राक्षं. पाच एकर खायची थॉमसन, दोन एकर वाइनची शेनँ ब्लाँ, ती करारावर जाते. ताई, तुम्ही सांगता ते मला चटकन पटलं, कारण आमच्या सात एकरांतही तीन तऱ्हा आहेत. वरची मुरमाड पट्टी, मधलं मध्यम आणि खाली ओढ्याकडची काळी. तीच वेल, तीच खतं, तीच फवारणी, गोडी छाटणी एकाच आठवड्यात. तरी काळीत पाला मातलेला आणि घडाला साखर उशिरा. मुरमाडावर वेल किडकिडीत, मणी बारीक, पण गोडी आधी येते. फरक एवढाच की आमची तिन्ही पट्ट्यांची द्राक्षं एकाच क्रेटमध्ये जातात. वाइनरीवाला गाडीच्या मालाची साखर मोजतो आणि भाव देतो. वरच्या पट्टीला वेगळं नाव द्यावं हे डोक्यातच कधी आलं नाही.

एक विचारतो. एकरी माल किती काढू देतात? आमच्याकडे त्याच्यावरच सगळी गोम असते.

---

ओसेरवाली | शनि, रात्री ९:३०

दादा, मोलाचा प्रश्न. त्याचा कायदाच आहे. ग्राँ क्र्यूला हेक्टरी ५४ हेक्टोलिटर, साध्या शाब्लीला ६०. म्हणजे ५,४०० आणि ६,००० लिटर. फरक फार नाही, खरं सांगायचं तर मलाही तो फार वाटत नाही. चांगले शेतकरी स्वतःहून त्याच्याही खाली राहतात आणि ते लेबलवर कुठेच दिसत नाही.

---

दगडफोड्या | रवि, सकाळी ८:१५

तीस वर्षं भूगर्भशास्त्र शिकवलं आहे, तेव्हा जमिनीचा विषय निघाल्यावर गप्प बसवत नाही.

शाब्लीचा चांगला उतार ज्या थरावर आहे त्याला किमरिजियन म्हणतात. नाव इंग्लंडच्या डॉर्सेट किनाऱ्यावरच्या किमरिज गावावरून पडलं. वय सुमारे १५ कोटी वर्षं. तुलनेला सांगतो, आपला सह्याद्रीचा बेसॉल्ट साडेसहा कोटींचा. तेव्हा हा दगड आपल्या दगडाच्या दुपटीहून म्हातारा. त्या काळी तिथे उथळ, उबदार समुद्र होता. त्याच्या तळाचा चिखल आणि चुना एकावर एक साचून हे थर झाले आणि त्यात खच्चून भरली आहेत इवल्याशा कालवांची शिंपलं. अंगठ्याच्या नखाएवढं, स्वल्पविरामासारखं वळलेलं शिंपलं. शास्त्रीय नावात 'व्हिर्ग्युला' आहे, फ्रेंचमध्ये स्वल्पविरामाला 'व्हिर्ग्यूल' म्हणतात. माझ्या एका विद्यार्थ्याने तिथला एक ढेकूळ आणून दिला होता, अजून टेबलावर आहे. पाण्यात ठेवला की मऊ करडी माती सुटते आणि मागे ही शिंपलं उरतात. टूथब्रशने साफ करत बसलं की तास निघून जातो.

या थराच्या वर टेकड्यांच्या माथ्यावर नंतरच्या काळातला कठीण चुनखडक आहे, तिथे त्याला पोर्टलँडियन म्हणतात. पती शाब्ली बहुतेक त्यावरची. म्हणजे ढोबळ मानाने माथ्यावर पती, उतारावर बाकीच्या. तुम्ही टेकडी चढत गेलात की दर्जा उतरत जातो.

आता जे ऐकून वाइनवाले रागावतात ते सांगतो. 'शिंपल्यांची चव वाइनमध्ये उतरते' ही कविता आहे. वेलीची मुळं दगड चाखत नाहीत. पाणी आणि त्यात विरघळलेले क्षार घेतात आणि त्या क्षारांची पेल्यात जीभेला कळेल अशी चव नसते. दगडाचं खरं काम निराळं. मऊ थर पाणी धरून ठेवतो, चुनखडक जादा पाणी सोडून देतो, उतारामुळे ऊन नीट कोनात पडतं, गार हवा खाली सरकते. निफाडच्या दादांनी मुरमाड आणि काळीचं सांगितलं, ते शास्त्र हेच.

---

बिनसाखरेचा | रवि, सकाळी ९:०२

सर, मनापासून धन्यवाद. मी हेच म्हणत होतो. शिंपली-बिंपली सगळी जाहिरात.

---

दगडफोड्या | रवि, सकाळी ९:२०

तुम्ही ते म्हणत नव्हता. तुम्ही म्हणत होता फरकच नाही. मी म्हणतोय फरक आहे, कारण सांगितलं जातं ते चुकीचं आहे.

---

मेथीचा लाडू | रवि, सकाळी ९:२४

शंभर ओळी टंकायला घ्या.

---

कालवंवाली | रवि, सकाळी १०:४५

कालवं हा शब्द दिसला म्हणून धाग्यावर आले. मी मालवणची, सध्या ठाण्यात. फ्रान्समध्ये शाब्लीबरोबर कच्ची कालवं खातात हे ऐकून माहीत होतं, पण ज्या जमिनीत ती पिकते तीच कालवांची आहे हे आज कळलं. मजा वाटली.

आमच्याकडे खडकावरची कालवं कोयतीने फोडून काढतात, बायका ओहोटीला जातात. पोरवयात खडकावर उभं राहूनच एखादं तोंडात टाकायचो, नुसतं समुद्राचं पाणी आणि गोडसर मांस. घरी मात्र कांदा, खोबरं, मसाला घालून सुकं. त्या सुक्याबरोबर ही वाइन चालेल असं मला वाटत नाही. मसाला तिला गिळून टाकेल.

कर्वेनगरी, मेव्हण्याला काय खाऊ घालणार आहात?

---

कर्वेनगरी | रवि, सकाळी ११:३०

बायको म्हणते पापलेट रव्यात तळू. कच्ची कालवं पुण्यात कोण देणार आणि दिली तरी मेव्हणा खाणार नाही.

---

कालवंवाली | रवि, दुपारी १२:१०

रव्यातलं पापलेट उत्तम. लाल तिखट अगदी नावाला, आगळ-हळद-मीठ लावून ठेवा. आणि जमलं तर तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, नुसत्या हळद-मिठावर उकडून, वर ओलं खोबरं भुरभुरून. गरम मसाल्याला त्या दिवशी सुट्टी. आंबटपणा वाइनचा आहेच, सोलकढीचं काम तीच करेल.

---

जुना जाणता | रवि, संध्या ६:५०

एक जुनी आठवण. १९८७ साली मी न्यू जर्सीत होतो. तिथे सुपरमार्केटात 'शाब्ली' लिहिलेला गॅलनचा काचेचा बुधला मिळायचा, कॅलिफोर्नियाचा माल. आम्ही चार मराठी पोरं एका खोलीत, शनिवारी तो बुधला. गोडसर, पाणचट आणि स्वस्त. शार्दोनेशी त्याचा संबंध असेलच असं नव्हतं. अमेरिकेत तेव्हा शाब्ली म्हणजे कुठलीही स्वस्त पांढरी वाइन, जसं आपल्याकडे वनस्पती तुपाला सरसकट डालडा म्हणत. पुढे २००६ मध्ये युरोप आणि अमेरिकेचा करार झाला आणि अशी नवी लेबलं काढायला बंदी आली. आधीपासून चालू असलेली मात्र राहिली. मूळ गावाला त्या बुधल्याने किती मनस्ताप दिला असेल!

भारतात परतल्यावर शार्दोने पहिल्यांदा प्यायलो ती नारायणगावची, बुडबुड्यांची. 'ओमर खय्याम' नावाने यायची, शाम्पेनवाल्यांच्या तांत्रिक मदतीने बनलेली. मित्राच्या लग्नात बाटली उघडताना बूच थेट मंडपाच्या झालरीत गेलं होतं. असो. विषयाला सोडून आहे, पण वय झालं की चालतं.

---

बिनसाखरेचा | रवि, संध्या ७:३०

जुना जाणता काका, तुमच्या बुधल्याने माझाच मुद्दा सिद्ध होतो. नाव काय, कुठेही चिकटवता येतं.

आणि शार्दोनेबद्दल माझं जुनं भांडण आहे. जी प्यायलो ती व्हॅनिला आइस्क्रीम आणि लोणी. द्राक्ष आहे की केक?

---

ओसेरवाली | रवि, रात्री १०:१५

बिनसाखरेचा, ते लोणी-व्हॅनिला बहुतेक द्राक्षाचं नव्हतंच. व्हॅनिला नव्या ओकच्या पिंपाचं. शार्दोनेला स्वतःचा भडक गंध नाही, कोऱ्या सुती कापडासारखं द्राक्ष आहे, ज्यात बुडवाल तो रंग घेतं. म्हणूनच ते जगभर पसरलं आणि म्हणूनच बदनामही झालं. गंमत म्हणजे 'शार्दोने नको' असं ठासून सांगणारे लोक इथे येऊन आनंदाने शाब्ली पितात. लेबलवर द्राक्षाचं नाव सहसा नसतं ना!

इथे पुष्कळ जण वाइन स्टीलच्या टाकीतच ठेवतात. काही घरं पिंपं वापरतात, पण बरीचशी जुनी, चव निघून गेलेली. इथलं पारंपरिक पिंप लहान असायचं, १३२ लिटरचं, त्याला 'फयेत' म्हणतात. मामांच्या तळघरात दोन पडलेली आहेत, एकीत आता बटाटे असतात.

द्राक्षाच्या कुळाची गोष्टही ऐका. १९९९ मध्ये डीएनए तपासून सिद्ध झालं की शार्दोने ही पिनो आणि ग्वे ब्लाँ यांची संतती. पिनो म्हणजे बर्गंडीचं घरंदाज द्राक्ष. ग्वे म्हणजे गावकुसाबाहेरचं, गरीब शेतकऱ्याचं, भरमसाट पिकणारं आणि चवीला सुमार, इतकं की ते लावू नका म्हणून पूर्वी फतवे निघत. दोघांच्या वेली शेजारीशेजारी वाढल्या आणि वाऱ्याने सोयरीक जुळवली. आलिगोते आणि गामे ही द्राक्षंही त्याच घरची भावंडं. लग्न जमवणाऱ्यांनी कुळ बघू नये ते यासाठी.

दर्जाबद्दल मात्र तुमच्या संशयात तथ्य आहे, ते लपवणार नाही. एकोणिसाव्या शतकात या योन जिल्ह्यात चाळीस हजार हेक्टर द्राक्षं होती, ओसेरच्या बंदरातून नदीने पॅरिसला पिंपं जायची. मग रेल्वे आली आणि दक्षिणेची स्वस्त वाइन पॅरिसला पोचली. पाठोपाठ मुळं खाणारा फिलोक्सेरा किडा, मग महायुद्धं, मग हिमदव. १९५० च्या दशकात शाब्लीत जेमतेम पाचशे हेक्टर उरली होती. आज साडेपाच हजारांच्या वर आहेत. ही वाढ कुठून आली? जुने सोडलेले उतार पुन्हा लावले हे खरं, पण सत्तरच्या दशकात हद्दीही सैल केल्या. एका गटाचं म्हणणं, किमरिजियन माती असेल तरच शाब्ली म्हणा. त्याचे पुढारी विल्यम फेव्र. दुसरा गट म्हणे, उतार आणि ऊन चांगलं असेल तर मातीच्या वयाचा एवढा बाऊ कशाला? तिकडे झाँ द्युरूप. दोन्ही मोठे बागायतदार, दोघांच्या वेगवेगळ्या संघटना, वर्षानुवर्षं भांडण. शेवटी हद्दी वाढल्या. मामा अजूनही ठरावीक वळणावर गाडी हळू करून म्हणतात, इथे माझ्या लहानपणी मका होता.

---

निफाडचा पारा | सोम, पहाटे ५:४०

दोन संघटना आणि एक पीक! ताई, तुम्ही निफाडलाच आहात.

हिमदव म्हणालात, ते जरा सांगा. इथे आत्ता पारा सहावर आहे, मी शेकोटी पेटवून बागेतच बसलोय, म्हणून मोबाइल हातात. आमचं हे दिवस म्हणजे मणी फुगायचे. थंडीने फुगवण थांबते, मणी तडकतात. धूर करायचा, ठिबकचं पाणी सोडायचं, बाकी देवावर.

---

ओसेरवाली | सोम, सकाळी ११:००

दादा, काळजी घ्या, अंगावर घोंगडी असू द्या.

इथे उलटं आहे. डिसेंबरात वेल झोपलेली असते, एक पान नसतं, तेव्हा उणे पाच झालं तरी कोणी उठत नाही. भीती एप्रिलची. मार्चमध्ये ऊन पडतं, वेलीचे डोळे फुगतात, कोवळी गुलाबी-हिरवी फूट बाहेर येते आणि मग एका निरभ्र रात्री पारा उणे दोन-तीन. सकाळी फूट तंबाखूसारखी तपकिरी. २०१६, २०१७ आणि २०२१, तिन्ही वर्षं अशी गेली. २०२१ ला मार्चअखेर इतका उकाडा होता की मी कपाटातून सुती कपडे बाहेर काढले होते आणि एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात सगळं जळालं.

उपाय दोन. एक तुमचाच: मेणाचे डबे ओळींमध्ये ठेवून पेटवायचे, हेक्टरी काहीशे. रात्री डोंगरावर दिवाळी, पण खर्च बघितला की दिवाळं. दुसरा ऐकून तुम्हाला खोटा वाटेल. वेलींवर पाण्याचा फवारा मारायचा, मुद्दाम, ते गोठेपर्यंत.

---

निफाडचा पारा | सोम, दुपारी १२:२०

गोठवून वाचवायचं?

---

दगडफोड्या | सोम, दुपारी १:३०

होय. पाण्याचं बर्फ होताना उष्णता बाहेर पडते, सुप्त उष्णता. फवारा चालू आहे तोवर डोळा बर्फाच्या कवचात शून्याच्या आसपास राहतो, बाहेर उणे चार असलं तरी. पण मध्येच पंप बंद पडला तर मेलात. ओला डोळा कोरड्यापेक्षा लवकर मरतो.

---

ओसेरवाली | सोम, दुपारी २:१०

सर, हेच. त्या पाण्यासाठी बेन गावाजवळ तलावच बांधलाय. पहाटे चारला मामांबरोबर एकदा गेले होते. अंधारात फक्त फवाऱ्यांची टकटक. उजाडल्यावर पाहते तर प्रत्येक डोळा काचेच्या गोळीत बंद, आत ती इवलीशी फूट हिरवीगार. मामा एक शब्द बोलले नाहीत, पंपाचा आवाज ऐकत उभे होते. ऊन चढून बर्फ गळेपर्यंत कोणी हललं नाही.

आणि हे पाण्याचे नळ सगळ्यांत आधी कुठे बसले? भाव मिळणाऱ्या उतारांवर. कर्वेनगरी, तिप्पट किमतीत हेही आलं.

---

जुना जाणता | सोम, संध्या ८:००

अवांतर: १९७६ मध्ये पॅरिसला स्टीव्हन स्परियर नावाच्या इंग्रज वाइनविक्रेत्याने फ्रेंच परीक्षकांना लेबल झाकून वाइन पाजल्या होत्या. पांढऱ्यांत सगळ्या शार्दोने आणि पहिली आली कॅलिफोर्नियाची. फ्रेंचांची बोलती बंद. त्या यादीत शाब्ली नव्हती, बर्गंडीच्या दुसऱ्या होत्या. तेच स्परियर पुढे आपल्या सोलापूर जिल्ह्यात अकलूजच्या फ्रातेल्लीबरोबर वाइन करायला आले. 'एम/एस' नावाने निघाली, पांढरीत शार्दोने आणि सोव्हिन्यों. बिनसाखरेचा यांनी डोळे बांधायचं म्हटलंय, त्याला परंपरा आहे एवढंच.

---

कर्वेनगरी | रवि, रात्री ११:५५

मंडळी, अहवाल.

बाटल्यांना बायकोने जुने मोजे घातले, अ, ब, क असे कागद चिकटवले. चाखणारे मी, मेव्हणा, त्याची बायको आणि सासरे. सासऱ्यांनी 'मला फक्त चव घ्यायला' म्हणून सुरुवात केली, शेवट सांगत नाही.

अ: लिंबू, हिरवं सफरचंद, चटकन संपली. सगळ्यांना आवडली. ब: तशीच, पण जराशी भरीव, गिळल्यावर खारटपणा रेंगाळला. वहिनी म्हणाली, पावसाच्या पहिल्या सरीनंतर फरशीचा वास येतो तसा. क: काहीच नाही. वासही नाही, चवही नाही, नुसता थंड आंबटपणा. मेव्हण्याने निकाल दिला, अ महागाची, क पती. मीही हात वर केला.

मोजे काढले. अ पती. ब शाब्ली. क म्हणजे तिप्पट किमतीची मोंमँ.

बिनसाखरेचा, तुमची माफी टळली असं मी तेव्हा म्हणालो होतो. पण थांबा. जेवण चालू झालं, पापलेट आलं, तिसऱ्या आल्या. क चा पेला तसाच टेबलावर होता, तासभर तरी. सासऱ्यांनी तो उचलला, घोट घेतला आणि म्हणाले, "ही कुठली? ही नव्हती मघाशी." आम्ही पुन्हा चाखली. मघाची ती मुकी बाई आता बोलत होती. मध नाही पण मधाच्या पोळ्याचा वास, लिंबाची साल आणि शेवटी तोच खारटपणा, पण पापलेटाचा घास संपला तरी जिभेवर होता. पती तोवर पेल्यात पाणी झाली होती.

---

ओसेरवाली | सोम, दुपारी १२:४५

फ्रिजमधून काढून लगेच ओतलीत ना? चार अंशाला मोंमँ काय, कोणीही बोलणार नाही. दहा-अकरा अंश हवेत, पुण्यात वीस मिनिटं बाहेर ठेवली की झालं. आणि ती कुठल्या सालची होती? प्रमिये क्र्यूला पाचेक वर्षं दिली तर बरं, ग्राँ क्र्यूला दहा. पती मात्र आली की प्यायची, तिला वाट बघायला लावू नये.

---

कर्वेनगरी | सोम, दुपारी १:००

दोन वर्षांची होती. लेकराला उठवलं म्हणायचं.

---

बिनसाखरेचा | सोम, दुपारी ३:३०

लेबल झाकून पती पहिली आली, हे नोंदवून ठेवतो. नंतरचं सगळं लेबल बघून झालेलं आहे. सासऱ्यांचा घोट मात्र मला छळतोय, त्यांना मोजे काढलेले माहीत होते का?

---

कर्वेनगरी | सोम, दुपारी ३:४१

ते तेव्हा तिसऱ्या सोलत होते, पेला कोणाचा हेही त्यांना माहीत नव्हतं.

---

बिनसाखरेचा | सोम, दुपारी ३:५८

पन्नास ओळी टंकतो.

---

निफाडचा पारा | सोम, रात्री ९:१०

कर्वेनगरी साहेब, मोंमँची रिकामी बाटली भंगारात देऊ नका, माझा भाऊ गुरुवारी पुण्याला येतोय, त्याच्याकडे द्या. बापूंना दाखवायचीय. त्यांना सांगितलं की तिकडे शेताचं नाव बाटलीवर छापतात, तर विश्वास ठेवेनात. मग विचारलं, कसली नावं असतात?

---

ओसेरवाली | सोम, रात्री ९:३५

त्यांना सांगा, बेडूक सांगितलाच आहे. 'मोंते द तोनेर' म्हणजे तोनेरची चढण. आणि फुरशोमच्या पोटात एक प्रमिये क्र्यू आहे, 'लोम मोर', म्हणजे मेलेला माणूस. चांगली खपते.

---

निफाडचा पारा | सोम, रात्री १०:०२

सांगितलं. बापू म्हणाले, मग आपल्या भुताच्या पट्टीत काय वाईट आहे? वरची मुरमाड पट्टी ती. या वर्षी तिची क्रेट वेगळी ठेवा म्हणालेत.